अँबेसिडरचं हेड गॅसकेट पुन्हापुन्हा जातंय? इंजिन घरी उघडायचं की नाही, हे आधी ठरवा

आमच्याकडे 1986 ची अँबेसिडर आहे. मार्क फोर, पेट्रोल, 1489 सीसी. बाबांनी घेतलेली, माझ्या दोन्ही बहिणी याच गाडीतून सासरी गेल्या. गेल्या दोन वर्षांत तिचं हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा सिलिंडरचा ठोकळा (ब्लॉक) यांच्या मधलं पॅकिंग, तीनदा बदललं. लक्षणं दर वेळी तीच. वर्ध्याहून घरी येईस्तोवर टेंपरेचरचा काटा वर टेकलेला, रेडिएटरमधलं पाणी दर दोन दिवसांनी तांब्याभर कमी, सकाळी सेल्फ मारला की गाडी तीन सिलिंडरवर थरथरत उठायची आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ. तालुक्याच्या मिस्त्रीने दर वेळी हेड काढलं, जुनं गॅसकेट खरवडलं, नव्याला दोन्हीकडून सोल्युशन फासलं आणि संध्याकाळी गाडी हातात दिली. पहिल्यांदा वर्ष निघालं, दुसऱ्यांदा आठ महिने, तिसऱ्यांदा चार.

मी विचारलं तर म्हणाले, "भाऊ, जुनी गाडी आहे, गरम तं होणारच. गॅसकेट बदलत राहा, गाडी चालत राहते."

चौथ्या वेळी मी गाडी तिकडे नेली नाही. जुनी अँबेसिडर, पद्मिनी किंवा जीप सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो: एवढं मोठं काम आपण घरी करावं का? माझं म्हणणं असं, की "आपल्याला जमेल का" इथून सुरुवात करू नका. दुखणं हेडमध्ये आहे की हेडच्या खाली, इथून सुरुवात करा. हेडमध्ये असेल तर बिनधास्त हात घाला, कारण तिथे काढणं, साफ करणं आणि नीट बसवणं हेच मुख्य काम आहे. खाली म्हणजे बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), बेअरिंग असेल, तर तो सगळा मापाचा खेळ आहे, आणि माप घ्यायची साधनं आपल्या घरात नसतात. दुखणं कुठे आहे हे एकही नट न सोडता कळू शकतं.

उघडण्याआधी

पहिलं, थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढा आणि गाडी चालू करा. गरम इंजिनचं झाकण कधीच काढू नका, पाणी उसळून तोंड भाजतं. अॅक्सिलरेटर थोडा वाढवल्यावर पाण्यात भाताच्या आधणासारखे सारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आहे. मग डिपस्टिक आणि ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे दह्यासारखा पांढुरका थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलं आहे, आणि अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं, म्हणजे हेडचं दुखणं आपण स्वतःच्या हाताने खाली उतरवतो.

दुसरं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. याचा गेज मोटार स्पेअरच्या दुकानात मिळतो आणि जुनी गाडी ठेवणाऱ्याने तो घरात ठेवावाच. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला कोणाला तरी बसवा आणि एकेका सिलिंडरला सेल्फ मारा. आकडा किती येतो यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालून जातो. माझे आकडे आले 125, 120, 70 आणि 65. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. ऑइलने पिस्टनच्या रिंगची फट तात्पुरती बुजते. आकडा चांगला वर चढला तर रिंग किंवा बोअर झिजलेलं आहे. माझा जेमतेम हलला. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी पडलेले आणि ऑइल टाकूनही न उठलेले, म्हणजे त्या दोघांमधलं गॅसकेट गेलेलं. एकटाच सिलिंडर पडला असता आणि ऑइलने उठला नसता, तर मी आधी वॉल्व्हवर संशय घेतला असता.

तिसरं, ऑइल प्रेशर. गाडीत फक्त लाल दिवा असेल तर दिव्याच्या स्विचच्या जागी काट्याचा गेज लावून बघा. या इंजिनाला गरम झाल्यावर चालत्या गाडीत 40 ते 50 पौंड आणि आयडलला 15 च्या आसपास मिळालं पाहिजे. माझं तेवढं मिळत होतं. सोबत कानाने ऐका: खालून जड ठकठक येत नाही ना, चढावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर येत नाही ना. हेही नव्हतं.

म्हणजे दुखणं वरचं होतं. काम घरी करायचं ठरलं. पण तीन गॅसकेट का गेली, याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं, आणि ते न मिळवता चौथं बसवलं असतं तर तेही गेलं असतं.

पाणी

हेड काढण्याआधी पाणी सोडावं लागतं. रेडिएटरखालचा कॉक सगळ्यांना माहीत असतो. ब्लॉकलाही मागच्या बाजूला एक छोटा पितळी कॉक असतो, तो फार जण उघडतच नाहीत. मी उघडला. एक थेंब आला नाही. रेडिएटर तर भरलेला होता. सायकलच्या चाकाची तार आत घातली, बोटभर गेल्यावर ती अडली. गोल फिरवत खुपसत राहिलो. पाच-सात मिनिटांनी गेरूसारखा लालसर चिखल घळाघळा यायला लागला, आणि त्याच्या मागून पांढऱ्या खपल्या, काही तर तुरीच्या डाळीएवढ्या. एक खपली मी धुऊन हातात घेतली. स्वयंपाकघरात पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, अगदी तोच.

आमच्या गावात घरोघरी बोअरवेलचं पाणी. त्यात क्षार इतके की स्टीलच्या ग्लासवर पाणी सुकलं की डाग राहतो. हेच पाणी आम्ही वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतत आलो. गाडी तापते, पाणी वाफ होऊन जातं, क्षार आत राहतात. मग आपण तांब्याभर ताजं बोअरचं पाणी टाकतो, म्हणजे नव्याने क्षार टाकतो. हा थर लोखंडाला पाण्यापासून तोडतो, उष्णता बाहेर जात नाही. गाळ मागे, चौथ्या सिलिंडरच्या बाजूला जास्त साचतो, म्हणून मागचा भाग सगळ्यात जास्त तापतो. हेड तिथे वाकतं, वाकलेल्या हेडखाली गॅसकेट दाबलं जात नाही, ते जळतं, पाणी जास्त कमी होतं, आपण जास्त पाणी टाकतो. गॅसकेट हे या चक्रातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त बळी. आम्ही तीन वेळा तेवढंच बदललं.

तुमच्याही भागात पाणी क्षाराचं असेल तर इंजिन उघडायचं की नाही हे ठरवायच्या आधी हा कॉक उघडून बघा. रेडिएटरच्या जाळीतही डोकावा. आपल्याकडे जिनिंगच्या रस्त्यावरचा उडता कापूस, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि गवताचं बी जाळीत असं घट्ट बसतं की पुढून काही दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे पाण्याचा फवारा मारला की ते बाहेर पडतं. मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात, तेव्हा अर्धी जाळी बुजलेला रेडिएटर काय करणार?

आतला थर काढायला मी किराणा दुकानातलं लिंबूसत्व वापरलं, लिटरला साधारण 40 ग्रॅम. गाडी अर्धा तास चालवायची, थंड होऊ द्यायची, सोडायचं, मग साध्या पाण्याने तोवर धुवायचं जोवर स्वच्छ पाणी येत नाही. हे हेड काढण्याआधी केलं तर काढलेली घाण नव्या गॅसकेटमध्ये अडकत नाही. माझ्या गाडीत गॅसकेट फुटलेलं होतं, इंजिन चालवणं धोक्याचं होतं. म्हणून मी हेड काढल्यावर रेडिएटर वेगळा धुतला आणि ब्लॉकमध्ये तेच पाणी गरम करून भरून ठेवलं, पिस्टनमध्ये जाणार नाही एवढ्याच उंचीपर्यंत. बाथरूम धुवायचं अॅसिड मात्र चुकूनही नको, ते रेडिएटरचं डाग दिलेलं काम खाऊन टाकतं. ब्लॉकच्या बाजूचे गोल पत्र्याचे डॉलरही (ब्लॉकची भोकं बुजवणारी झाकणं) बोटाने दाबून बघा. थर निघाला की कधीकधी सडलेला डॉलर गळायला लागतो. थर गेल्यामुळे गळती दिसली एवढंच, भोक आधीपासूनच होतं.

हेड काढणं आणि लेथवर नेणं

वेळ मी उलंगवाडीनंतरची निवडली, फेब्रुवारीचा शेवट. कापूस विकून झालेला, उन्हाचा चटका अजून लागलेला नाही, आणि काम लांबलं तरी पेरणीला अवकाश. मृगाच्या तोंडावर इंजिन कधीच उघडू नका. पाऊस आला की माणूस शेतात जातो, आणि उघडा ब्लॉक पावसाळी हवेत दोन महिन्यांत आतून तांबडा होतो.

जागा बंद हवी. गोठ्याला लागून असलेली पडवी चालत नाही, तिथे कुटाराची धूळ सारखी उडते. आणि आपल्या भागातली एक सवय सोडावी लागते. हात पुसायला, भाग पुसायला आपण सहज मूठभर कापूस घेतो. इंजिनात तो नको. त्याचे तंतू ऑइलच्या भोकात अडकतात आणि मग बेअरिंगला ऑइल जात नाही. जुनं, खूप वेळा धुतलेलं सुती लुगडं सगळ्यात चांगलं.

या इंजिनात हेडचे 11 नट आहेत, आणि त्यांतले काही रॉकरचे (वॉल्व्ह दाबणाऱ्या हातांचे) ठोकळेही धरून ठेवतात. म्हणून नुसते रॉकर काढायचे असले तरी आधी पाणी सोडावं. इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून मध्याकडे, सगळे नट थोडेथोडे ढिले करत या. एकेक पूर्ण सोडला तर आधीच वाकलेलं हेड आणखी वाकतं. पुशरॉड ओढण्याआधी जागेवर थोडी फिरवा, नाहीतर ऑइलच्या चिकटपणाने खालचा टॅपेटही वर ओढला जातो. बुटाच्या खोक्याला आठ भोकं पाडून, आकडे लिहून, त्याच क्रमाने त्या रोवून ठेवा.

मग लेथ. स्वतः काम करायचं म्हणजे सगळं स्वतः करायचं असं नाही. हेड मी डिक्कीत जुन्या गोधडीत गुंडाळून, भावाच्या गाडीने वर्ध्याला लेथवाल्याकडे नेलं. त्यांनी ते उलटं ठेवलं, लाकडी पट्टीने साफ केलं, वरून तासलेली जाड पोलादी पट्टी तिरपी ठेवली आणि फट मोजायची फिलर गेजची पाती काढली. पहिल्या दोन सिलिंडरवर 0.05 मिमीचं पातं आत जाईना. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये तेच पातं सहज घुसलं. 0.10 घुसलं. 0.15 पण घुसलं, थोडं दाबून. 0.20 ला थांबलं. त्यांनी पट्टी उचलली नाही, मलाच पातं हातात देऊन म्हणाले, "घाला तुम्हीच. तीन गॅसकेट बदलले अन् हेड एकदाही इकडे आलं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी वापरायची स्टीलची फूटपट्टी या कामाला चालत नाही, ती स्वतःच वाकलेली असते.

हेड तासून घेताना कमीत कमी काढायला सांगा; जास्त काढलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठकठक करायला लागतं. त्याच फेरीत दोन गोष्टी करून घ्या. एक, तड्याची तपासणी, विशेषतः वॉल्व्हच्या सीटांच्या (वॉल्व्ह जिथे टेकतो त्या जागांच्या) मधल्या चिंचोळ्या भागात. दोन, सीट. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. पेट्रोलमधलं शिसं जुन्या मऊ सीटांना झिजण्यापासून वाचवायचं. तुमच्या गाडीचा एक्झॉस्ट वॉल्व्हचा गॅप पुन्हापुन्हा कमी होत असेल, तर सीट खाली बसत चालल्या आहेत. हेड लेथवर आहेच तर कडक सीट बसवून घ्या. माझ्या गाडीत दोन बसवाव्या लागल्या.

यानंतर एक वळण येतं, ते आधी माहीत असू द्या. ब्लॉकचा वरचा चेहराही पट्टी लावून बघावा लागतो. मी लेथवाल्यांना विनंती करून त्यांची पट्टी आणि पाती एका रात्रीसाठी आणली. ब्लॉकवर 0.05 चं पातं कुठेच गेलं नाही, म्हणून काम वरच्या भागापुरतंच राहिलं. गेलं असतं तर इंजिन पूर्ण बाहेर काढावं लागलं असतं, आणि मग मी पुढे गेलो नसतो. नुसतं इंजिन दीड क्विंटलच्या आसपास भरतं. त्याला चेन ब्लॉक आणि तो तोलणारी पक्की आडवी तुळई लागते. कडुलिंबाच्या फांदीला दोर टाकून इंजिन काढलेलं मी पाहिलं आहे. ते माणसाच्या पायावर पडलेलंही पाहिलं आहे.

बसवताना तीन गोष्टींवर मी अडून बसलो. ब्लॉकच्या स्टडभोवतीची भोकं पूर्ण कोरडी केली. गॅसकेट कोरडंच बसवलं, वर "टॉप" आणि "फ्रंट" लिहिलेलं असतं ते बघून, सोल्युशनशिवाय. जुनं गॅसकेट घासताना मात्र ओलं करून घासा. जुन्यांमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका. आणि नट टॉर्क पान्याने, मध्यापासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत. किती पौंडाला कसायचे ते आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. टॉर्क पाना महाग वाटतो, पण माझ्या बाबतीत तीन वेळच्या मजुरीत तो आला असता.

टॅपेटसाठी, म्हणजे वॉल्व्हचे गॅप लावायला, नऊचा हिशेब पाठ करा. आठवा वॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचा गॅप बघायचा, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याचा, दोघांची बेरीज कायम नऊ. हे एकदा हाताला बसलं की टॅपेटसाठी कोणाकडे जावं लागत नाही. मिस्त्रीने काढून टाकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह) मी परत बसवला. पाणी म्हणून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि त्यात कूलंट. गाडी 400 किलोमीटर चालल्यावर इंजिन थंड असताना नट पुन्हा तपासले, दोन नट थोडे फिरले. टॅपेट पुन्हा लावले. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला 120 ते 130 च्या मध्ये आलं. मेमध्ये याच गाडीने आम्ही नागपूरला दोनदा जाऊन आलो, काटा मधोमध.

खालचं दुखणं असेल तर

कॉम्प्रेशन ऑइल टाकल्यावर चढत असेल, गरम आयडलला प्रेशर 15 च्या बरंच खाली जात असेल, ऑइल बदलताना तांबूस किंवा चांदीसारखी चमक दिसत असेल, तर ते काम घरात पूर्ण करायच्या भरीस पडू नका. यावर बरेच जण "डिझेल इंजिन टाकून द्या" असंही सुचवतात. मला ते पटत नाही. इंजिन बदललं तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. आणि 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षं पूर्ण झालेल्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. आमची गाडी 2036 ला त्या वयाची होईल. तिचा ब्लॉक आणि त्यावरचा नंबर मला तोच हवा आहे.

खालच्या कामात आपला वाटा असतो तो काढण्याचा, धुण्याचा, लेबल लावण्याचा आणि जुळवताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहण्याचा. बोअरची झीज आणि क्रँकची गोलाई मोजणं लेथवाल्याचं. पण एक निर्णय लेथवाल्यावर सोडू नका, तो म्हणजे कोणत्या मापाला घासायचं. अँबेसिडर बनणं मे 2014 मध्ये थांबलं. 1489 चे पिस्टन आणि बेअरिंगचे शेल मिळतात, पण प्रत्येक माप प्रत्येक वेळी मिळतं असं नाही. शेजारच्या गावातल्या माझ्या एका ओळखीच्यांनी क्रँक आधी 30 थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून घेतला आणि मग त्याच मापाचे शेल शोधायला निघाले. तीसचे कुठेच मिळेनात. दुकानात वीसचे होते, ते आता उपयोगाचे नव्हते. दीड महिन्याने नागपुरात चाळीसचे मिळाले, क्रँक परत लेथवर गेला. चाळीस हे या क्रँकचं शेवटचं माप.

म्हणून क्रँक काढा, मोजून घ्या, वीस लागेल की तीस ते कागदावर लिहून घ्या आणि तो तेलाचा हात लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी आणून ठेवा. शेल आणि पिस्टनचा सेट हातात आला की खोका उघडून आतलं माप स्वतः वाचा, खोक्यावर एक आणि आत दुसरं असंही निघतं. मग तो सेट आणि क्रँक एकत्र लेथवाल्याच्या टेबलावर ठेवा.